किनारा जवळ म्हणजे धोका कमी?

‘समुद्रात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, काठाकाठानेच न्यावी, काही झालं तर पटकन जमिनीवर’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शांत, वाळूच्या किनाऱ्यावर ते ठीक; उभ्या कड्यांपाशी मात्र जिवावर बेतू शकतं. कड्यावर आपटलेली लाट तिथेच विरत नाही. ती उलटी फिरते, मागून येणाऱ्या लाटेला भिडते. मग पाणी जागच्या जागी टोकदार उसळतं आणि वल्हं पाण्याऐवजी हवेतच फिरतं. जर्मन कयाकपटू फ्रेया हॉफमाइस्टरने २००९ मध्ये ३३२ दिवसांत कयाकने ऑस्ट्रेलियाला एकटीने प्रदक्षिणा घातली. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या झाउटडॉर्प कड्यांखाली मैलोन्‌मैल उतरायला जागा नाही. रात्रही पाण्यातच काढावी लागते. तिथे ‘पटकन जमिनीवर’ जाणार कुठे? मी तरी लांबूनच जायला सांगेन, परतलेली लाट विरेल इतकं लांबून.