तंत्रज्ञान उद्योग व स्त्रिया (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आदी तालुक्यांतील स्त्रियांचा अभियांत्रिकी, संगणक व यंत्रनिर्मिती उद्योगांतील प्रवेश, तेथे त्यांचे टिकणे व बढती, आणि यांस पाठबळ देणारे कायदे व सोयी. बोलीत ‘पोरगी कंपनीत लागली’ म्हटले की पुण्याची किंवा बंगळूरची सॉफ्टवेअर कंपनी समजायची. उद्यमबागेतला (बेळगावची औद्योगिक वसाहत) कारखाना त्यात सहसा धरत नाहीत.

आरंभ : या भागात विषयाची सुरुवात बहुधा सुधा कुलकर्णी (विवाहोत्तर मूर्ती, जन्म १९५०, शिग्गाव) यांच्यापासून सांगतात. त्यांनी हुबळीच्या भूमरड्डी महाविद्यालयातून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतली. हे महाविद्यालय १९४७ मध्ये बेळगावच्या के. एल. ई. संस्थेने (स्थापना १९१६) काढलेले असल्यामुळे बेळगावकर या कथेवर थोडा हक्क सांगतात, आणि तो अगदीच गैर नाही. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. साडीच नेसायची, कँटीनला जायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही या अटींवर प्रवेश मिळाला आणि मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हते, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९७४ च्या सुमारास टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ वाचून त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड धाडले. पुण्यात मुलाखत झाली आणि त्या टेल्कोतील पहिल्या महिला अभियंता झाल्या.

‘टेल्कोतील’ हा शब्द गाळून त्यांना देशातील पहिल्या महिला अभियंता म्हणणे मात्र बरोबर नाही. मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून ए. ललिता (विद्युत्), पी. के. थ्रेसिया व लीलम्मा जॉर्ज (स्थापत्य) या तिघी १९४३-४४ च्या सुमारासच पदवीधर झाल्या होत्या. त्यांच्या प्रमाणपत्रांवरचे छापील इंग्रजी ‘ही’ खोडून हाताने ‘शी’ लिहावे लागले असे सांगतात. कर्नाटकापुरता पहिलेपणाचा मान राजेश्वरी चॅटर्जी यांना देतात, त्यांचे आरंभीचे शिक्षण गणिताचे, अभियांत्रिकी त्या मिशिगन विद्यापीठात शिकल्या आणि १९५३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक झाल्या. तेव्हा पदवी धरायची की नोकरी, यावर उत्तर बदलते. सीमाभागापुरते पाहता नोकरी धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मुली शिकत होत्या; अडत होते ते फाटकापाशी.

कायदे : तशी जाहिरात १९७६ च्या समान वेतन कायद्याने बेकायदा ठरली. त्या कायद्याने एकाच कामासाठी समान वेतन तर ठरवलेच, भरतीतला भेदही निषिद्ध केला; मात्र जेथे स्त्रियांना काम देण्यास कायद्यानेच मनाई होती ती कामे वगळली. ही पळवाट लहान नव्हती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ नुसार सायंकाळी ७ ते सकाळी ६ स्त्रीला कारखान्यात काम देता येत नसे. राज्य सरकारला ही वेळ थोडी हलवता येई, पण रात्री १० ते पहाटे ५ ही मनाई कायमच. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यातही रात्रपाळीस बंदी होती. सॉफ्टवेअर व तत्सम कार्यालयांना ने-आण व सुरक्षेच्या अटींवर सूट मिळाली ती साधारण २००२ पासून. कारखान्यांना राज्यात २०१९ मध्ये. त्यामुळे एकाच घरातली थोरली बंगळूरला संगणकापुढे रात्रपाळी करू शके, धाकटीला उद्यमबागेत सातनंतर लेथवर उभे राहता येत नसे, अशी सुमारे सतरा वर्षे गेली.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान कारखान्यातल्या स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. प्रसूतिरजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांवर पाळणाघर बंधनकारक. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर रजेचे पैसे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) देते. त्यावरचा सगळा भार मालकावर. दहा-पंधरा माणसांच्या कंपनीला तो खुपतो, आणि नेमणुकीच्या वेळी ‘लग्न कधी?’ हा प्रश्न येतो तो इथूनच.

शिक्षण : बेळगावात गोगटे तंत्रज्ञान संस्था १९७९ पासून आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. धारवाडला आयआयटी २०१६ मध्ये आली. आयआयटींनी मुलींसाठी २०१८ पासून वाढीव जागा ठेवल्या, त्या २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेल्या. राज्यांचे नियम मात्र सरळ नाहीत. कर्नाटकाच्या सीईटीत ग्रामीण विद्यार्थ्यांना १५ टक्के आणि कन्नड माध्यमवाल्यांना ५ टक्के जागा असतात. खेड्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालेली खानापूर तालुक्यातली मुलगी पहिल्यात बसते, दुसऱ्यात नाही. महाराष्ट्रात मुलींना ३० टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आरक्षण आहे, शिवाय सीमाभागातील मराठी मातृभाषिकांसाठी वेगळा प्रवर्ग. म्हणून अनेक घरांत दोन्ही सीईटींचे अर्ज भरतात आणि दाखल्यांची फाइल जाडच जाड होत जाते.

स्थानिक उद्योग : ओतकाम, हायड्रॉलिक्स आणि हत्तरगीजवळील विमानभागांचे विशेष आर्थिक क्षेत्र (२००९) हे मुख्य.

प्रवास : रोज ये-जा करणारीला कायद्याआधी बस लागते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे. कंडक्टर आधार पाहतो आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो. त्याच वर्षी १७ मार्चपासून महाराष्ट्राच्या एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. ‘शक्ती’ला कर्नाटकाचा पत्ता लागतो, एस.टी.ची सवलत सरसकट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. निपाणीची मुलगी लग्न होऊन कागलला गेली आणि आधारवरचा पत्ता बदलला, की माहेरगावातल्या त्याच नोकरीवर जाताना राज्यसीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे तिला पूर्ण तिकीट पडते.