टीआरपीच्या पेटीत न मावणारे प्रेक्षक

टीआरपी मोजण्यासाठी निवडलेल्या घरांत टीव्हीजवळ एक लहानसं यंत्र बसवतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. यंत्र ती टिपतं आणि कोणती वाहिनी लागली आहे हे नोंदवतं. घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर वेगळं बटण असतं, समोर बसताना ते दाबायचं. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एखाद्या आजीनं बटण दाबून तासभर मेथी निवडली, तरी तिची हजेरी लागते. नातवानं मात्र तोच भाग नंतर मोबाइलवर तीनदा पाहिला, संवाद पाठ केले, त्यावरून मित्रांशी वाद घातले, तर यातलं काहीच त्या यंत्राला कळत नाही.

'कल्ट' मालिका नेमक्या इथेच मार खातात. त्यांचे प्रेक्षक थोडे, पण जिवाला लावून घेणारे. समजा, दहा हजारांत एकालाच एखाद्या मालिकेचं वेड आहे. 2011च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या सुमारे 24 लाख, म्हणजे शहरात असे 240 जण. कोणी मानेवाड्यात, कोणी जरीपटक्यात. बर्डीच्या गर्दीत शेजारून गेले तरी ओळख पटायची नाही. हेच 240 जण इंटरनेटवर एका ठिकाणी आले, की गणित पालटतं. दोघादोघांच्या शक्य जोड्या होतात 28,680. माणसं दुप्पट झाली की जोड्या जवळपास चौपट. वेड माणसागणिक नाही, तर या जोड्यांमधून वाढतं, असं मला वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चं. 2004 साली सुरू झालेली ही हिंदी मालिका टीआरपीत कधी फार चमकली नाही आणि 2006 मध्ये बंदही झाली. पुढे तिचे तुकडे इंटरनेटवर फिरू लागले. मालिका चालू होती तेव्हा जे शाळेतही जात नव्हते, ते त्यातल्या रोसेश या पात्राच्या कविता म्हणून दाखवू लागले. 2017 मध्ये ती वेबमालिका म्हणून परतली.

इंटरनेट नव्हतं तेव्हाही चाहते गप्प बसत नव्हते. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर बिजो ट्रिंबल आणि तिचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभी केली. ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा ढीग लागला आणि 1968 मध्ये तिसरा सिझन मिळाला. वाहिनीनं वेळ मात्र दिली शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची! 1969 मध्ये मालिका संपलीच. पण तिसऱ्या सिझनमुळे भागांची संख्या 79 झाली, त्यामुळे स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रक्षेपण परवडू लागलं, आणि खरं वेड त्यानंतर पसरलं.

मला सगळ्यात आवडतो तो 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या चाहत्यांचा उद्योग. बीबीसीनं जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, त्यात 1960च्या दशकातले अनेक भाग गेले. पण काही मुलांनी त्या काळी घरी टीव्हीच्या आवाजाचं टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं. दृश्यं गेली, तरी हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज त्यामुळे शिल्लक आहे, आणि त्यावर अॅनिमेशन चढवून काही भाग पुन्हा उभे करण्यात आले.

नागपूरच्या हॉस्टेलांमध्ये पेनड्राइव्हवरून मालिका फिरायच्या त्या काळी सबटायटलची फाइलही अशाच कुणा हौशी माणसानं फुकट टंकलेली असायची. ती दोन सेकंद मागे पडली, की एखादा पोरगा रात्री जागून वेळा जुळवायचा आणि सकाळी सगळ्या मजल्याला वाटायचा. ही कामगिरी कुठल्या टीआरपीत धरणार?

अर्थात वेडालाही मर्यादा आहेत. 2007 मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीनं 'जेरिको' ही मालिका बंद केली. शेवटच्या भागात शरण यायला नकार देताना नायकानं 'नट्स' (शब्दशः दाणे) असं ठणकावलं होतं, तेवढ्यावरून चाहत्यांनी इंटरनेटवर संगनमत करून वाहिनीच्या कार्यालयात टनांनी शेंगदाणे पाठवले. बाप्पा! वाहिनी नमली, सात भाग मंजूर झाले. सोबत चाहत्यांना जाहीर विनंतीही आली: शेंगदाणे पुरे, आता टीव्हीवर मालिका पाहणारे वाढवा. ते पुरेसे वाढले नाहीत, आणि 2008 मध्ये सात भागांनंतर मालिका कायमची बंद झाली.