उत्तरकादंबरी

स्वतंत्र व पूर्ण म्हणून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे कथानक, तीच पात्रे घेऊन, पुढे नेणारी नंतरची कादंबरी. वाचकांच्या तोंडी ‘पुढचा भाग’ किंवा ‘दुसरा भाग’ हेच शब्द असतात. ‘उत्तरकादंबरी’ ही समीक्षेतली संज्ञा, आणि तिथेही ती फारशी रुळलेली नाही. नाथमाधवांची स्वराज्यविषयक कादंबरीमाला किंवा भालचंद्र नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय यांसारख्या अनेक भागांच्या रचना येथे अभिप्रेत नाहीत. मूळ कथेच्या आधीचा काळ रंगवते ती पूर्वकथा, आणि तोच काळ दुसऱ्या पात्राच्या बाजूने सांगते ती समांतर कादंबरी. या दोन्हींशी उत्तरकादंबरीची गल्लत नेहमी होते. एकट्याने उभ्या असलेल्या अभिजात कादंबरीला असा भाग जोडावा का, या वादाचा येथे विचार केला असून उदाहरणे शक्यतो कोल्हापूर परिसरातील लेखकांची घेतली आहेत. या परिसरातल्या गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी बऱ्याच पौराणिक वा ऐतिहासिक आहेत आणि त्यांच्या बाबतीत हा वाद वेगळेच वळण घेतो.

पूर्वपीठिका : मराठीत (आणि कन्नडमध्येही) कादंबरी या वाङ्मयप्रकाराला ज्या ग्रंथावरून नाव मिळाले, तो बाणभट्टाचा कादंबरी हा संस्कृत ग्रंथच दोन हातांनी लिहिलेला आहे. बाणभट्ट हा सम्राट हर्षाच्या (कारकीर्द ६०६–६४७) आश्रयाला होता, त्यामुळे कादंबरीची रचना सातव्या शतकाच्या पूर्वार्धात धरतात. पत्रलेखा नायक चंद्रापीडाला नायिका कादंबरीची अवस्था सांगत असताना, ऐन बोलण्यातच बाणाचा भाग तुटतो. पुढचा उत्तरभाग त्याच्या मुलाचा. या मुलाचे नाव मात्र निश्चित नाही. काही हस्तलिखितांच्या आधारे ते भूषणभट्ट असे दिले जाते, तर काही ठिकाणी पुलिन, पुलिंद किंवा पुलिंध्र अशी रूपे आढळतात. पुलिंध्र या रूपाला धनपालाच्या तिलकमंजरीतील एका श्लेषाचा आधार दिला जातो. बाण एकटाच कवींचा मद उतरवतो, मग त्याला संधान करणाऱ्या पुलिंध्राची जोड मिळाल्यावर काय विचारावे, असा त्या श्लोकाचा आशय आहे. धनपाल दहाव्या-अकराव्या शतकातला, म्हणजे बाणानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी होऊन गेलेला. पण पोथ्यांच्या नकलाकारांपेक्षा त्याचा शब्द जुना आहे, हेही खरे. हा श्लेष आहे आणि त्यात बाण सोडणाऱ्या शबराचा (वनवासी शिकाऱ्याचा) अर्थ आधीच भरलेला आहे. त्यावरून विशेषनाम ठरवताना हात थोडा आखडताच घ्यावा लागतो. म्हणून ‘बाणपुत्र’ एवढेच म्हणणे सुरक्षित.

नावापेक्षा महत्त्वाचे आहे ते या पुत्राने आरंभी दिलेले कारण. वडील स्वर्गी गेले, त्यांच्या वाणीबरोबर कथाही खंडित झाली. ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख झालेले पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे तो सांगतो. उत्तरभाग लिहिणाऱ्याने दिलेली याहून सभ्य सबब भारतीय वाङ्मयात सापडणे कठीण. त्याची शैली बापाच्या तोडीची नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरी त्याच्यामुळे कथा शेवटाला जाते, हे कोणी नाकारत नाही.

रामकथेत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. युद्धकांडाच्या अखेरीस फलश्रुती येते, म्हणजे ग्रंथ तिथे संपलेला आहे. या व अन्य कारणांनी उत्तरकांड हे नंतरचे, असे जर्मन संशोधक याकोबीपासून अनेकांनी म्हटले आहे. परंपरेला हे मान्य नाही, आणि बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीतही उत्तरकांड समाविष्ट आहे. भाषिक व रचनात्मक पुरावा पाहता ते उत्तरकालीन असण्याचा संभव अधिक वाटतो. भवभूतीने (सातव्या शतकाचा शेवट किंवा आठव्याचा आरंभ) उत्तररामचरितात याच भागावर नाटक रचले आणि शेवट मात्र फिरवला : त्याच्या नाटकात राम-सीतेचे पुनर्मीलन होते. मराठीत एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत त्यांचे, आणि पुढचे, उत्तरकांडासह, त्यांचा शिष्य गावबा याचे, असे परंपरा सांगते. बाणपुत्र आणि गावबा यांनी अपुरे पुरे केले. उत्तरकांडाने व भवभूतीने पुरे झालेल्याला पुढे नेले. या दोन कृती एका पारड्यात घालता येत नाहीत, आणि आजच्या चर्चेतला बराच गोंधळ त्या घातल्यामुळे होतो.

कोल्हापूर परिसरातील कादंबरी : ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक होते; वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापूरला आले ते कायमचे. कलेसाठी कला की जीवनासाठी, हा या दोघांच्या नावांवर चाललेला वाद सर्वपरिचित आहे. उत्तरभागाच्या प्रश्नावर त्यांच्यात वाद झाला नसला, तरी दोघांच्या भूमिकांतून वेगवेगळी उत्तरे निघतात. फडक्यांच्या प्रतिभासाधन (१९३१) मधील तंत्रविचारानुसार कथानकाची गुंफण उत्कर्षबिंदूकडे जाते आणि तिथून उलगडते. अशा घट्ट विणलेल्या कथेला पुढचा भाग लावणे म्हणजे गाठ सोडून पुन्हा बांधणे. खांडेकरांच्या बाजूने पाहिले तर पात्राच्या जीवनातला प्रश्न सुटला नसेल, तर पुस्तक संपले तरी कथा संपत नाही.

ययाति (१९५९) या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून ती उलगडते, आणि पुरूला त्याचे तारुण्य परत मिळाल्यावर थांबते. मूळ महाभारतात मात्र ययातीची कथा येथे थांबत नाही. आदिपर्वात यायात उपाख्यानानंतर ‘उत्तरयायात’ या नावाचाच स्वतंत्र भाग आहे : ययाति स्वर्गात जातो, गर्वामुळे खाली पडतो, आणि अष्टक, वसुमना, प्रतर्दन, शिबी या चौघांमध्ये येऊन ठेपतो. हे चौघे त्याच्या मुलीचे मुलगे. उद्योगपर्वात तीच घटना गालव व माधवीच्या कथेला जोडून पुन्हा येते. यांपैकी कोणते रूप आधीचे, याबद्दल एकमत नाही. पतंजलीच्या महाभाष्यात ययातीचे आख्यान जाणणाऱ्यांसाठी ‘यायातिक’ असा शब्द येतो. त्यावरून एवढेच म्हणता येते, की हे आख्यान स्वतंत्रपणे पाठ करणारे लोक इसवी सनापूर्वीच होते.

थोडक्यात, उत्तरभागाचे साहित्य खांडेकरांच्या पुढ्यात तयार होते आणि त्यांनी ते घेतले नाही. भोगाच्या तृष्णेची कथा त्यांना सांगायची होती. स्वर्गातला गर्व हा दुसरा विषय. पौराणिक कादंबरीत ‘पुढे काय झाले’ हे वाचकाला बहुधा ठाऊकच असते. लेखकाची कला कुठे थांबायचे हे निवडण्यात असते, आणि पुढचा भाग लिहिणारा कथा वाढवतो त्यापेक्षा जास्त ती निवड खोडतो. म्हणून प्रस्तुत नोंदकाराला अशा कादंबऱ्यांना उत्तरभाग जोडण्याची कल्पना पटत नाही.

कोवाडच्या रणजित देसाई (१९२८–१९९२) यांची स्वामी (१९६२) हीच गोष्ट इतिहासाच्या बाजूने दाखवते. थेऊर येथे १७७२ मध्ये माधवरावांचा मृत्यू, रमाबाईंचे सती जाणे, आणि कादंबरी संपते. पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, हे शाळकरी मुलालाही माहीत असते; ते पुस्तकात नाही म्हणूनच शेवटच्या पानांवर त्याची सावली पडते. आजऱ्याचे शिवाजी सावंत (१९४०–२००२) कोल्हापुरात शिक्षक होते. त्यांच्या मृत्युंजयमध्ये (१९६७) शेवटचे निवेदन श्रीकृष्णाचे आहे, कारण कर्ण आता बोलू शकत नाही. युद्ध त्यानंतरही उरते, पण ते कर्णाचे नव्हे. सावंतांनी पुढे कृष्णावर युगंधर लिहिली, देसाईंनी कर्णावर राधेय. त्यांना कोणाचे उत्तरभाग म्हणणे चूक आहे. एकाच जिल्ह्यातल्या दोन लेखकांनी एकच कर्ण स्वतंत्रपणे मांडावा, हा समांतर मांडणीचा चांगला नमुना ठरतो.

कागलचे आनंद यादव यांची वाट निराळी. झोंबी (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीनंतर नांगरणी, घरभिंती, काचवेल असे आणखी तीन भाग आले. आयुष्य पुढे सरकते, म्हणून आत्मकथेला पुढचा भाग शोभतो. तरीही नाव निघते ते झोंबीचे. शिकण्यासाठी धडपडणाऱ्या पोराची ती गोष्ट एकटीने वाचली तरी पुरी वाटते.

मराठीत अन्यत्र : श्री. ना. पेंडसे यांनी गारंबीचा बापू (१९५२) नंतर बऱ्याच वर्षांनी गारंबीची राधा लिहिली. लेखक तोच, गाव तेच. केंद्र मात्र सरकले. मूळ लेखकाने, वय वाढल्यावर, दुसऱ्या पात्राकडे वळून लिहिलेला भाग सर्वांत कमी आक्षेपार्ह मानावा लागेल. बंगालीत पथेर पांचाली (१९२९) व अपराजित (१९३२) यांच्यात अंतर थोडे होते आणि नायक अपूचे वाढणे पहिल्या पुस्तकातच सुरू झाले होते.

पाश्चात्त्य वाङ्मय : सर्वांत बोलके उदाहरण डॉन किहोटेचे. पहिला भाग १६०५ चा. १६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी परस्पर दुसरा भाग छापला. मूळ लेखक सर्व्हांतेसने १६१५ मध्ये स्वतःचा दुसरा भाग काढला, त्यात त्या तोतयाची खिल्ली उडवली आणि अखेरीस नायकाला मारून टाकले, जेणेकरून पुन्हा कोणी त्याला घोड्यावर बसवू नये. गॉन विथ द विंड (१९३६) चा अधिकृत उत्तरभाग लेखिकेच्या पश्चात, १९९१ मध्ये, वारसांच्या संमतीने आला. खप मोठा झाला, समीक्षकांनी झोडपले.

कायदा : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. त्यानुसार खांडेकरांचे लेखन २०३६ अखेर, देसाईंचे २०५२ अखेर आणि सावंतांचे २०६२ अखेर संरक्षित राहील. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे ययाति, शर्मिष्ठा, कर्ण ही पात्रे कोणालाही मोकळी आहेत. पण खांडेकरांनी ययातिसाठी स्वतः रचलेली अलका किंवा मुकुलिका उचलून पुढची गोष्ट रचणारा अडचणीत येऊ शकतो. लेखनाची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाध येत असेल, तर कलम ५७ खाली त्याच्या वारसांनाही दाद मागता येते.

वाचनालये : कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. अशा जुन्या वाचनालयांत कापडी बांधणीच्या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलीने मारलेले शेरे दिसतात; ‘रडवले’, ‘फारच छान’, आणि कुठेतरी कोपऱ्यात ‘पुढचा भाग आहे का?’. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘नाही’.