कॅमेरॉन क्रेझीज

कॅमेरॉन क्रेझीज : अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम येथे असलेल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे विद्यार्थी-चाहते. विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये मैदानाला खेटून असलेल्या लाकडी पायऱ्यांवर सामना संपेपर्यंत उभे राहून, अंगाला निळा रंग फासून, आपल्या संघाला चेतवणारा आणि पाहुण्या संघाला हैराण करणारा हा समुदाय १९८० च्या दशकापासून या नावाने ओळखला जातो. ‘क्रेझी’ म्हणजे वेडा. पण या वेडाला बऱ्यापैकी जाड नियमावली आहे, आणि दूरचित्रवाणीवर दिसणारा कल्लोळ म्हणजे बाहेर हिरवळीवर कित्येक आठवडे शिस्तीत चाललेल्या एका रांगेचे शेवटचे दोन तास असतात, हे या समुदायाचे खरे वैशिष्ट्य आहे.

भारतात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना खेळाडूंचे मित्र, एखाद-दुसरा प्राध्यापक आणि मैदानावरचा शिपाई यांच्यापलीकडे प्रेक्षक क्वचितच असतो. त्यामुळे महाविद्यालयाच्या संघासाठी लाखो लोक आयुष्यभर जीव टाकतात ही गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगावी लागते. (पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी देत पुण्याचे भरत नाट्य मंदिर डोक्यावर घेणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना थोडीफार कल्पना येईल; फक्त तिथे रंगमंचावर नाटक सुरू झाले की आवाज थांबतो.) नॉर्थ कॅरोलायनात ही निष्ठा विशेष घट्ट होण्याचे एक कारण असे, की १९८८ मध्ये शार्लट शहराला व्यावसायिक संघ मिळेपर्यंत एनबीए या व्यावसायिक साखळीतला एकही संघ या राज्यात नव्हता. बास्केटबॉल म्हणजे विद्यापीठांचे बास्केटबॉल, हे समीकरण त्याआधीच घराघरांत पक्के झाले होते. त्यातही ड्यूक आणि चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्यात जेमतेम १६ किलोमीटरचे अंतर. एक खासगी, दुसरे सरकारी. एकाचा निळा गडद, दुसऱ्याचा आकाशी. दोन्ही संघ १९२० मध्ये प्रथम एकमेकांसमोर आले, तेव्हा ड्यूकचे नाव ट्रिनिटी कॉलेज होते. आज हे दोघे हंगामात नेमाने दोनदा भिडतात, त्यांपैकी एकदा कॅमेरॉनमध्ये, आणि क्रेझीजचे सारे वर्ष त्या एका संध्याकाळीभोवती फिरते.

सामन्याची वास्तू समजल्याशिवाय हे चाहते समजत नाहीत. ६ जानेवारी १९४० रोजी प्रिन्स्टन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याने या क्रीडागृहाचे उद्घाटन झाले आणि ड्यूकने तो ३६–२७ असा जिंकला. संघाचे तत्कालीन प्रशिक्षक एडी कॅमेरॉन यांनी काड्यापेटीच्या कव्हरवर पहिला आराखडा काढला अशी आख्यायिका आवडीने सांगितली जाते. प्रत्यक्षातले आराखडे फिलाडेल्फियाच्या होरेस ट्रंबाउअर यांच्या कार्यालयात तयार झाले आणि तिथले प्रमुख आरेखक ज्युलियन एबल हे कृष्णवर्णीय वास्तुविशारद होते. ज्या विद्यापीठाचा परिसर एबल यांनी रेखाटला, त्या विद्यापीठात त्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. १९७२ मध्ये वास्तूला कॅमेरॉन यांचे नाव देण्यात आले. नामकरणाच्याच दिवशी ड्यूकने चॅपल हिलच्या बलाढ्य संघाला ७६–७४ असे हरवले, आणि तो शकुन इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत.

प्रेक्षकक्षमता अवघी ९,३१४. चॅपल हिलच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये २१,००० हून अधिक लोक बसतात, हे पाहता कॅमेरॉन म्हणजे एक मोठा हॉलच. पण छत जवळ, भिंती जवळ, आणि मुख्य म्हणजे माणसे जवळ. इतरत्र मैदानालगतच्या सर्वांत महागड्या जागा देणगीदारांना दिल्या जातात आणि विद्यार्थ्यांना वर, कोपऱ्यात पाठवले जाते. ड्यूकमध्ये उलटे आहे. देणगीदार वरच्या खुर्च्यांवर बसतात आणि खालच्या पायऱ्यांवर हजार-बाराशे विद्यार्थी असतात, तेही तिकिटाविना, ओळखपत्र दाखवून. या व्यवस्थेत विद्यापीठाचे औदार्य आहेच, पण हिशोबही आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत मैदानामागे शांत बसलेले वयस्कर गृहस्थ दिसण्याऐवजी उसळणारी निळी भिंत दिसते, आणि ती भिंत विद्यापीठाची फुकटातली जाहिरात ठरते.

या प्रेक्षकवर्गाच्या स्वभावाची चुणूक २४ फेब्रुवारी १९७९ रोजी दिसली. तेव्हा महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याची सक्ती नव्हती. चॅपल हिलचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी याचा फायदा घेत आपल्या खेळाडूंना चेंडू आपसांतच फिरवत ठेवायला सांगितले, आणि मध्यंतराला गुणफलक होता ७–०, ड्यूकच्या बाजूने. त्या अर्ध्या वेळात पाहुण्यांनी केलेला एक प्रयत्न कडीला न लागता हवेतच गेला आणि विद्यार्थ्यांनी ‘एअर बॉल, एअर बॉल’ असा लयबद्ध घोष सुरू केला. आज अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर ऐकू येणारा हा घोष त्या दिवशी जन्मला असे सांगितले जाते. ड्यूकने सामना ४७–४० असा जिंकला.

चेष्टा आणि क्रौर्य यांतली रेषा मात्र वारंवार ओलांडली गेली. पिझ्झा चोरल्याचा ठपका असलेल्या एका प्रतिस्पर्धी खेळाडूच्या स्वागताला पिझ्झाची खोकी भिरकावली गेली, यावर फार तर हसता येईल. पण जानेवारी १९८४ मध्ये मेरिलँडच्या एका खेळाडूवर झालेल्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपाचा विषय करून विद्यार्थ्यांनी मैदानात अंतर्वस्त्रे फेकली आणि अर्वाच्य घोषणा दिल्या, तेव्हा देशभर टीका झाली. त्या काळचे विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड हे राज्याचे माजी गव्हर्नर. त्यांनी शिक्षेचा बडगा न उगारता सर्व विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिले, त्याला ‘काकांचे पत्र’ म्हणावे असा मथळा दिला आणि खाली सही केली ‘अंकल टेरी’. शिव्यांवर वेळ निभावणे म्हणजे शब्दसंपत्ती आणि कल्पकता दोन्ही तोकडी असल्याची कबुली होय, असा त्या पत्राचा रोख होता. टोचायचेच असेल तर स्वच्छ आणि चतुर भाषेत टोचा, असा सल्लाही त्यात होता.

घरच्या मैदानावरचा पुढचा सामना नेमका चॅपल हिलशी होता. विद्यार्थी आले ते कपड्यांच्या हँगरची तार वाकवून, तिला अॅल्युमिनियमची चंदेरी फॉइल गुंडाळून केलेली देवदूतांची प्रभावळ डोक्यावर लावून. पाहुण्या प्रशिक्षकांच्या हार्दिक स्वागताचे फलक हातात होते, आणि पंचाचा निर्णय पटला नाही की, एरवी जिथे शिवी यायची तिथे, शेकडो कंठांतून नम्रपणे निघाले, ‘आमचे मत वेगळे आहे.’ ड्यूक हा सामना हरला. तरीही क्रेझीजच्या कीर्तीची सुरुवात कुठून झाली असे विचारले तर बहुतेक जण याच संध्याकाळीकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. कारण आज्ञा तंतोतंत पाळून आज्ञा देणाऱ्याचीच फिरकी घेण्याची कला त्यांना त्या दिवशी गवसली.

शशेफ्स्कीव्हिल : क्रीडागृहाबाहेरच्या हिरवळीवर दर हिवाळ्यात वसणारे तंबूंचे गाव. मायकेल शशेफ्स्की हे १९८० ते २०२२ अशी बेचाळीस वर्षे ड्यूकचे प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांचे आडनाव इतके अवघड, की ते सर्वत्र ‘कोच के’ म्हणूनच ओळखले जातात आणि गावालाही बोलताना ‘के-व्हिल’ म्हणतात. १९८६ मध्ये चॅपल हिलविरुद्धच्या सामन्याला पुढची जागा मिळावी म्हणून काही मित्रमैत्रिणींनी भाड्याने तंबू आणून काही रात्री बाहेर काढल्या. पुढच्या वर्षांत त्यांचे अनुकरण होत गेले आणि बघता बघता प्रथेचे संस्थेत रूपांतर झाले.

आज एका तंबूत जास्तीत जास्त बारा जणांचा गट असतो. जानेवारीच्या मध्यावर सर्वांत कडक टप्पा सुरू होतो, त्याला ‘काळा’ तंबू म्हणतात. त्यानंतर ‘निळा’ आणि शेवटी सर्वांत सौम्य ‘पांढरा’. रंग कपड्याचा नव्हे, कष्टाचा. जितका काळ जास्त, तितकी रात्री तंबूत झोपणाऱ्यांची सक्तीची संख्या जास्त आणि रांगेतला क्रमांक पुढे. हजेरी घेण्याचे काम ‘लाइन मॉनिटर’ म्हणवणारे विद्यार्थीच करतात. ते रात्री कोणत्याही वेळी भोंगा वाजवतात. मग स्लीपिंग बॅगमधून धडपडत बाहेर पडलेली, पायांत कुणाचेतरी बूट अडकवलेली मुले ओळखपत्र हातात धरून रांग लावतात. ठरलेली संख्या भरली नाही तर तंबूच्या नावावर एक चूक नोंदली जाते, आणि पुन्हा तसेच घडले तर तंबू रांगेच्या शेवटी ढकलला जातो. पारा फारच उतरला, बर्फ साचले किंवा विजा कडकडू लागल्या तर मॉनिटर ‘ग्रेस’ जाहीर करतात, म्हणजे त्या रात्रीपुरती सुटका. अलीकडे इच्छुक इतके वाढले आहेत, की काळ्या तंबूंची निवड करण्यासाठी चक्क लेखी परीक्षा घेतली जाते आणि तिच्यात संघाच्या इतिहासावर व चालू हंगामातल्या खेळाडूंवर प्रश्न असतात. नियमांचे तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात आणि त्यावर दरवर्षी भांडणे होतात.

सकाळी याच मुलांना तास असतात, प्रयोगशाळा असते, चाचण्या असतात. म्हणून गटात वेळापत्रक वाटून घेतले जाते. दिवसा एखादा जण तंबूत बसून गणिते सोडवतो, हिरवळीवर वाय-फाय चालते. मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री प्रशिक्षक तंबूवासीयांना क्रीडागृहात बोलावून त्यांच्याशी बोलत, हा शशेफ्स्कींचा शिरस्ता होता, आणि त्यांच्याकडून पिझ्झाही येत असे. जागा पैशाने नव्हे, तर रात्रींच्या हिशोबाने मिळते याचा विद्यार्थ्यांना मोठा अभिमान असतो. मात्र ज्याला रात्रपाळीची नोकरी करून शिकायचे आहे, त्याला हे चलन परवडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची व्यवस्था वेगळी आहे : त्यांना शरद ऋतूच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी मुक्काम करून हजेरी द्यावी लागते, आणि टिकून राहिलेल्यांमध्ये हंगामी तिकिटांची सोडत निघते.

सामन्यात चेंडू उडण्यापूर्वी सगळे एकत्र उड्या मारू लागतात आणि पायऱ्या खरोखर हलतात. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकायला पाहुणा खेळाडू उभा राहिला, की त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर पन्नासेक हात पुढे येऊन बोटे वळवळू लागतात. स्पर्श मात्र करायचा नाही. बराच काळ पत्रकारांची टेबले याच विद्यार्थ्यांच्या पुढ्यात होती, त्यामुळे वार्ताहरांच्या कागदांवर निळ्या रंगाचे ठसे उमटत. प्रतिस्पर्धी खेळाडूंची टोपणनावे, छंद आणि फजितीचे प्रसंग छापलेला ‘चिअर शीट’ नावाचा कागद आत शिरताना वाटला जातो. उत्स्फूर्त वाटणारी बरीचशी शेरेबाजी तिथून येते. पाहुणा फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी, कुणी अडवायची नसलेली फेक) घेत असताना नजर विचलित करण्याचेही प्रकार होतात. २००३ मध्ये चॅपल हिलच्या सामन्यात अंगावर केवळ पोहण्याची चड्डी घातलेला एक विद्यार्थी अशा वेळी शांत गर्दीतून एकाएकी उभा राहिला, आणि दोन्ही फ्री थ्रो हुकले. चॅपल हिलवर घरच्या मैदानात विजय मिळाला, की वसतिगृहांसमोरची लाकडी बाके ओढत आणून त्यांची होळी करतात. ही बाके विद्यार्थ्यांनीच बांधलेली असतात आणि आगीसाठी रीतसर परवाना काढलेला असतो.

चाहत्यांच्या निष्ठेचे स्वरूप गेल्या दोन दशकांत बदलले आहे. ख्रिश्चन लेटनर किंवा ग्रँट हिल यांच्यासारखे खेळाडू चार वर्षे ड्यूकमध्ये राहिले. त्यांच्याबरोबर शिकलेल्या विद्यार्थ्याने त्यांना नवखे असल्यापासून विजेते होईपर्यंत पाहिले. २००६ पासून एनबीएने शालेय शिक्षणानंतर एक वर्ष थांबण्याची अट घातली. तेव्हापासून कायरी अर्विंग, झायन विल्यमसन, कूपर फ्लॅग असे गुणी खेळाडू एकाच हंगामापुरते येतात. त्यात २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, आणि संघ बदलणेही सोपे झाले. परिणामी चार वर्षांत विद्यार्थी जवळजवळ चार निराळे संघ पाहतो, आणि त्याचे प्रेम माणसावरून सरकून सदऱ्यावर आणि जागेवर स्थिरावते. हलक्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना विद्यार्थ्यांच्या पायऱ्या पूर्वीसारख्या भरत नाहीत, ही तक्रारही जुनी आहे. अशाच एका ‘हलक्या’ सामन्यात, २६ नोव्हेंबर २०१९ रोजी, टेक्ससच्या स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठाने जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी ८५–८३ असा विजय मिळवला, आणि आपल्या गटाबाहेरच्या (म्हणजे ड्यूक ज्या विद्यापीठांच्या साखळीत खेळतो, तिच्याबाहेरच्या) संघांविरुद्ध घरच्या मैदानात सलग १५० सामने जिंकण्याची २००० पासूनची मालिका तुटली.

करोनाच्या साथीमुळे २०२०–२१ चा हंगाम कॅमेरॉनमध्ये प्रेक्षकांविना झाला आणि हिरवळीवर तंबू लागले नाहीत. त्या वर्षी संघाने १३ सामने जिंकले, ११ गमावले आणि १९९५ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेला तो मुकला. याचे श्रेय रिकाम्या पायऱ्यांना किती द्यायचे यावर मतभेद आहेत, पण क्रेझीजच्या मनात शंका नाही. पुढच्याच हंगामात, ५ मार्च २०२२ रोजी, शशेफ्स्की यांचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना चॅपल हिलविरुद्ध झाला. नव्वदहून अधिक माजी खेळाडू हजर होते आणि तंबूवासीय नेहमीप्रमाणे पहिल्या पायरीवर होते. चॅपल हिलने ९४–८१ असा विजय मिळवला. सामन्यानंतर मैदानावर आलेल्या शशेफ्स्कींनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन आजच्या खेळाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा पायऱ्यांवरून त्यांना धीर देणारे आवाज उठले. त्यावर त्यांनी सर्वांना गप्प राहायला सांगितले आणि सगळे गप्प राहिले.