गोधडीतला फोन वाजला तेव्हा

मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी सहालाही अंगाला चटका बसतो. कूलर नुसती गरम हवा फेकायला लागला की अर्धं शहर एसी शोधत निघतं. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी आम्ही सीताबर्डीवर सिनेमा पाहायला गेलो. मी, बारावीची परीक्षा दिलेली माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी. सिनेमा काळ्या विनोदाचा होता. कॉलेजातले पाच दोस्त वीस वर्षांनी फार्महाउसवर जमतात, रात्री त्यांच्यातल्या एकाचा खून होतो आणि उरलेले चौघे पोलिसांना कळवायचं सोडून, एकमेकांवर संशय घेत, मुडदा लपवायच्या मागे लागतात. पुढची गोष्ट सांगत नाही, ज्यांना पाहायचा आहे त्यांची मजा जाईल.

त्यात एक प्रसंग आहे. चौघे मिळून मित्राला गोधडीत गुंडाळून गाडीच्या डिक्कीत कोंबताहेत. रात्र, चिडीचूप. हॉलमध्येही कुणी पॉपकॉर्न चावत नव्हतं. आणि गोधडीतून मेलेल्याचा फोन वाजला. रिंगटोन आरतीची! एक क्षण काहीच झालं नाही. मग अख्खा हॉल फुटला. मागच्या रांगेतला एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "काऊन हासून राहिला बे, माणूस मेला ना तिथं!" आणि बोलता बोलता तोच खदखदायला लागला. माझ्या डाव्या हाताला साठीचे एक काका बसले होते. ते हसले नाहीत. पाण्याची बाटली दोन्ही हातांत घट्ट धरून पडद्याकडे पाहत राहिले.

मध्यंतरात भाची हळूच म्हणाली, "मावशी, मी वाईट आहे का गं? मेलेल्या माणसावर हसली मी."

मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा प्रश्न ऐकून मला मनापासून आनंद झाला, कारण त्याचं उत्तर माणूस चांगला की वाईट यात नाही. ते छातीच्या पिंजऱ्यात आणि मेंदूच्या अगदी जुन्या भागात आहे.

शाळेत आपण शिकलो की श्वासपटल खाली सरकतं, फासळ्या वर उचलल्या जातात आणि हवा आत येते. शांत बसलेलो असताना श्वास सोडायला वेगळे कष्ट पडत नाहीत, ताणलेली छाती आपोआप जागेवर येते. हसताना हे सगळं उलटं होतं. पोटाचे आणि फासळ्यांमधले स्नायू झटक्यांनी आवळतात आणि प्रत्येक झटक्याला हवेचा एक तुकडा स्वरयंत्रातून बाहेर फेकला जातो. तो तुकडा म्हणजे एक 'हा'. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांची हसणी ध्वनिमुद्रित करून यंत्रावर मोजली. एक 'हा' सुमारे ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून पुढच्या 'हा'च्या सुरुवातीपर्यंत साधारण २१० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जवळपास पाच. बोलताना आपण श्वासावर राज्य करतो, हसताना श्वास आपल्यावर करतो. साधा श्वास सोडल्यावरही प्रौढ माणसाच्या छातीत दोन-अडीच लिटर हवा शिल्लक राहते. खळखळून हसताना त्यातलीही बरीच बाहेर ढकलली जाते. हसून हसून पोट दुखतं, बोलायला हवाच उरत नाही, शेवटी 'हूंऽऽ' करून मोठा श्वास ओढावा लागतो, ते याच्यामुळेच.

आता हे झटके मारायचा हुकूम कुठून येतो? दोन ठिकाणांहून, दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट मेंदूच्या पुढच्या भागातून, हालचालींच्या पट्ट्यातून खाली येते. फोटोवाला "हसा" म्हणतो तेव्हा हीच वापरात येते. दुसरी वाट भावनांच्या भागांतून, अमिग्डला आणि अधश्चेतक यांच्या बाजूने, मस्तिष्कस्तंभाकडे, म्हणजे मेंदूच्या देठाकडे उतरते. वाटा खरोखरच वेगळ्या आहेत हे पक्षाघाताच्या काही रुग्णांत स्वच्छ दिसतं. डॉक्टर म्हणाले "हसून दाखवा" तर चेहऱ्याची एक बाजू हलत नाही. पण नातू धावत आला की तीच बाजू सहज फुलते. उलटंही घडतं. वरच्या भागाचा खालच्यावरचा लगाम सुटला, तर रुग्णाला काही कारण नसताना हसू किंवा रडू येतं आणि थांबवता येत नाही. असा माणूस घरात असेल तर त्याला अंगात आलंय, बाहेरचं काही झालंय म्हणून कुणाकडे नेऊ नका. मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. यावर औषध आहे.

दुसरी वाट जिथे पोचते तिथे, या देठाच्या वरच्या टोकाला, मध्यमेंदूत, राखाडी पेशींचा एक पट्टा आहे. द्रव वाहणाऱ्या बारीक नळीभोवती तो गुंडाळलेला असतो. नाव लांबलचक आहे, पेरिअ‍ॅक्वेडक्टल ग्रे, म्हणून आपण पीएजी म्हणू. मला विचाराल तर शरीरातली सगळ्यात नाट्यमय जागा हीच. पीएजीला विजेचा हलका झटका दिला तर मांजर फिस्कारतं, उंदीर गोठून बसतो नाहीतर पळत सुटतो. काही ठिकाणी झटका दिला तर वेदनाच कमी होते. प्राण्याचं ओरडणं, किंचाळणं, कण्हणं यांचाही रस्ता इथूनच जातो. आणि हसण्याचाही!

हे उंदरांवरून कळलं. उंदराला गुदगुल्या केल्या की तो ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतो. आपल्या कानांना ते ऐकू येत नाही, पण मेंदूशास्त्रज्ञ याक पांकसेप यांनी नव्वदच्या दशकात खास मायक्रोफोन लावून ते ऐकलं. पुढे बर्लिनमध्ये मिखाएल ब्रेख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की तोच उंदीर उंच, उघड्या फळीवर ठेवला, की गुदगुल्या करूनही चिवचिवाट आटतो. भीती आली की हसू गेलं. २०२३ साली याच गटाने पीएजीच्या कडेच्या पट्ट्याचं काम तात्पुरतं दाबून पाहिलं, तेव्हा उंदरांचं खेळणंही मंदावलं आणि गुदगुल्यांचा चिवचिवाटही. म्हणजे पळ, गोठ, किंचाळ आणि हस हे हुकूम मेंदूच्या एकाच मोहल्ल्यातून सुटतात. घरं वेगळी आहेत, पण भिंती लागून आहेत.

आता परत सीताबर्डीच्या हॉलमध्ये येऊ. डिक्की उघडी आहे, पकडले जातील की काय या भीतीने पडद्यावरच्या चौघांइतकेच आपणही आखडलोय. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडलंय, नाडी वाढलीय. इतक्यात आरती वाजते. अचानक आवाज झाला म्हणून आधी धस्स होतं (हाच तो शांत क्षण), आणि पाठोपाठ मेंदूला कळतं की धोका नाही, फोन आहे, सिनेमा आहे. मूळचे चेन्नईत वैद्यक शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९८ साली मांडलं की हसू हा 'खोट्या धोक्याचा' इशारा असावा. झुडपात खसफस झाली, टोळी सावध झाली, आणि ज्याला आधी दिसलं की ते मांजर आहे, त्याने मोठ्याने 'हाहा' करून बाकीच्यांना सांगितलं की ताकद वाया घालवू नका. हा तर्क आहे, मोजून सिद्ध केलेला नियम नव्हे. पण त्या संध्याकाळचं हसू त्यात नीट बसतं. एवढं जोरात का, याचं उत्तर रक्तात आहे. कारण संपलं तरी अ‍ॅड्रेनलिन लगेच जात नाही, अर्ध्यावर यायलाच दोन-तीन मिनिटं घेतं. आधीची धडधड पुढच्या भावनेला आयती मिळते. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी सत्तरच्या दशकात हे उत्तेजनेचं हस्तांतर मांडलं. म्हणून तोच विनोद चहाच्या टपरीवर ऐकला तर नुसतं स्मित येतं, आणि मुडद्याशेजारी ऐकला तर खुर्ची हलते.

नागपूरकरांना हे नवं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत निघते तेव्हा काय होतं? रोगराई, दुष्टावा, गावावरची सगळी भीती एका राक्षसी पुतळ्यात भरायची, बडगे (सोबतचे पुरुषी पुतळे) नाचवायचे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत तिला वेशीबाहेर नेऊन जाळायचं. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मी काळी मारबत पहिल्यांदा पाहिली तेव्हा घाबरून रडले, आणि भोवतालची गर्दी हसताना पाहून हसायला लागले. गालावर पाणी तसंच होतं.

गर्दीचं हे काम फार मोठं आहे. प्रोव्हाइन यांच्या नोंदींत माणसं एकटी असताना हसण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसत होती. फिनलंडमध्ये लाउरी नुम्मेनमा यांच्या गटाने २०१७ साली बारा पुरुषांना जवळच्या मित्रांसोबत विनोदी क्लिपा दाखवून मेंदूचं चित्रण केलं. हसण्यानंतर मेंदूत अफूसारखी काम करणारी, शरीराने स्वतःच बनवलेली द्रव्यं जास्त सुटलेली दिसली. दोस्तांचं हसू आपल्या कानालाही ओळखू येतं. २०१६ साली २४ समाजांतल्या ९६६ लोकांना दोन माणसं एकत्र हसल्याचे सेकंदभराचे तुकडे ऐकवले. ती दोघं मित्र आहेत की नुकतीच भेटलेली, हे लोकांनी नुसत्या अंदाजाहून जास्त वेळा बरोबर सांगितलं. त्या सिनेमात मध्यंतरानंतर चौघे पोलिसासमोर हसतात तेव्हा हॉल एकदम गप्प झाला होता. कुणी सांगायची गरज पडली नाही. ते हसू पहिल्या वाटेचं होतं.

आणि ते काका? सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये ते स्वतःहून म्हणाले, "मॅडम, सिनेमा चांगला आहे. पण आमच्या ग्रुपातला एक जण मार्चमध्ये गेला. त्याला घरी आणताना त्याचा फोन खिशात वाजून राहिला होता. घरच्यांचाच होता." मला काही बोलता आलं नाही. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० साली मांडलेलं सूत्र असं आहे की गोष्ट एकाच वेळी खटकणारी आणि निरुपद्रवी वाटली तरच हसू येतं. काकांच्या बाबतीत दुसरी बाजूच नव्हती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१२ साली आलेल्या सँडी वादळावरचे विनोदही लोकांना वादळाची झळ ताजी असताना रुचले नाहीत. ते सर्वांत मजेदार वाटले सुमारे पाच आठवड्यांनी, आणि नंतर पुन्हा फिके पडले. सख्ख्या दोस्ताला असा पाच आठवड्यांचा हिशेब लागू पडत नाही.

लिफ्टमध्ये एक बाई सांगत होत्या की असे सिनेमे पाहिले की निगेटिव्ह एनर्जी घरात येते, मीठ-मोहरी ओवाळून टाकावी. घरी येतं ते फक्त उरलेलं अ‍ॅड्रेनलिन, आणि ते यकृत-मूत्रपिंडं निस्तरतात. तितकाच राग मला रोज पहाटे हसलं की कॅन्सर पळतो असं सांगणाऱ्यांचा येतो. हसल्याने वेदना थोडी सोसवते, माणसं जवळ येतात, एवढं म्हणायला आधार आहे. त्या भरवशावर कुणी केमो टाळली तर ते पाप सांगणाऱ्याचं.

रात्री भाचीला मी नाट्यशास्त्र काढून दाखवलं. भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत. त्यातलं अपहसित म्हणजे भलत्या जागी येणारं, डोळ्यांत पाणी आणणारं, खांदे आणि डोकं हलवणारं हसू. मुनींनी ते अधम पात्रांना दिलंय, आणि इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. त्या हॉलमध्ये कुणी अधम नव्हतं. मग मी तिला काकांचं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही.

"मावशी, मी त्यांच्या बाजूला बसली असती, अन् मला हे माहीत असतं, तर हसू आलं नसतं का?"

"आलं असतं," मी म्हटलं. "पहिल्या वाटेने तू ते ओठांत दाबलं असतं. खांदे तरीही हललेच असते."