पोटाच्या विकारांवर चिनी औषधे आणि ॲक्युपंक्चर: संशोधनाची पार्श्वभूमी

जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांचे अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढावे लागले. भूल ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर टोचायच्या, सुयांनी दिली होती असे अजूनही सांगितले जाते. ते चूक आहे, भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून दुखू लागले तेव्हा: उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली. तासाभरात ताण उतरला, असे त्यांनी लिहिले आणि अमेरिकेत कुतूहल जागे झाले. पण शस्त्रक्रियेनंतर कोंडलेला वायू बहुधा आपोआपही सुटतो. सुया नसत्या तर काय झाले असते, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही.

औषधांची पारख त्यामानाने सोपी, कारण कॅप्सूलमध्ये काय भरले आहे ते लपवता येते. १९९८ मध्ये सिडनीत इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या (आयबीएस: पोटदुखी आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठता वारंवार होणारा आतड्यांचा विकार) ११६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला प्रत्येकाची प्रकृती पाहून योजलेले औषध, दुसऱ्याला सरसकट एकच मिश्रण, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल. रोज तीनदा पाच-पाच कॅप्सूल, सोळा आठवडे. दोन्ही औषधगटांना प्लासिबोपेक्षा जास्त आराम पडला. औषध थांबवल्यानंतर चौदा आठवड्यांनी मात्र तो पहिल्याच गटात टिकून होता. २००६ मध्ये हाँगकाँगला जुलाबाचा त्रास असलेल्या ११९ आयबीएस रुग्णांपैकी काहींना अकरा वनस्पतींचे ठरावीक मिश्रण आणि बाकीच्यांना प्लासिबो आठ आठवडे दिले. ते प्लासिबोहून सरस ठरले नाही. कोणते मिश्रण, कोणाला आणि किती दिवस, हे सांगितल्याशिवाय ‘चिनी औषध लागू पडते का’ या प्रश्नाला अर्थ नाही.

सुईची अडचण मोठी, कारण टोचली की नाही हे रुग्णापासून लपत नाही. त्यावर १९९८ मध्ये जर्मनीतले संशोधक श्ट्राइटबर्गर यांनी नकली सुई काढली: टोक बोथट, त्वचेला टेकताच पाते सुईच्याच मुठीत सरकते आणि रुग्णाला टोचल्यासारखे वाटते. संशोधक कॅपचुक यांच्या बोस्टनमधील गटाने आयबीएसच्या २६२ रुग्णांवर केवळ नकली उपचारच तपासले. २००८ मध्ये निकाल आला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणारे: नुसते प्रतीक्षायादीत २८ टक्के, नकली सुया घेणारे ४४ टक्के, आणि नकली सुयांसोबत आपुलकीने विचारपूस झालेले ६२ टक्के.

हे आकडे डोळ्यांपुढे ठेवूनच २०१२ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अहवाल) वाचावा. त्यातील १७ चाचण्यांपैकी नकली सुयांशी तुलना केलेल्या चाचण्यांत आयबीएसवर खऱ्या सुयांचा वेगळा फायदा दिसला नाही. चीनमधील चाचण्यांत औषधांपेक्षा सुया वरचढ दिसल्या, पण तिथे आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते.

जुनाट बद्धकोष्ठतेचे चित्र वेगळे आहे. चीनमधील १५ रुग्णालयांत १०७५ रुग्णांचे दोन गट करून एकाला आठ आठवड्यांत २८ वेळा विजेचा सौम्य प्रवाह जोडून सुया दिल्या. दुसऱ्या, नकली गटात ॲक्युपंक्चरचे बिंदू सोडून, वरवर आणि प्रवाहाविना टोचले. २०१६ च्या अहवालानुसार आठवड्याला किमान तीनदा आपोआप आणि पूर्ण शौचाला होणारे ३१.३ टक्के, नकली गटात १२.१ टक्के. उपचार संपल्यावरही पुढचे बारा आठवडे हा फरक राहिला. टोचणाऱ्यांना मात्र कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे माहीत होते.