मास्टर्स जलतरणात ८०० आणि १५०० मीटर: अर्ज वापस का येतो?

"सर, बाकीच्या सगळ्या इव्हेंट मंजूर झाल्या, फक्त पंधराशे कापली. कामून कापली असंल?"

असे फोन लातूरहून येतात, परभणीहून येतात, नांदेडहून येतात. क्लबाने मेहनतीने मास्टर्स स्पर्धेचा, म्हणजे पंचवीस आणि त्यापुढच्या वयाच्यांच्या स्पर्धेचा, प्रस्ताव केलेला असतो. ५० मीटरपासून रिलेपर्यंत सगळं पास, आणि ८०० व १५०० मीटर फ्रीस्टाइलवर लाल पेनाची आडवी रेघ. शेरा ठरलेला: 'वेळेअभावी'. क्लबवाल्यांना वाटतं, लांब पल्ल्याला कुणाचा तरी विरोध आहे. विरोध कुणाचाच नसतो. पंधराशेला नेमका किती वेळ लागेल हे अर्जात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि न लिहिलेला वेळ साहेबांच्या डोक्यात नेहमी दुप्पट होऊन बसतो.

मी असे अर्ज आधी वाचून देतो आणि स्पर्धेच्या दिवशी काठावर स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. दोन्ही ठिकाणी काय अडतं, तेवढंच इथे सांगतो.

परवानग्या दोन असतात

संघटनेची मान्यता वेगळी, तलावाची परवानगी वेगळी. मान्यतेचा अर्ज जिल्हा जलतरण संघटनेमार्फत वर जातो. रेफरी, स्टार्टर आणि बाकीचे पंच त्या वाटेने मिळतात, निकालालाही त्यामुळेच किंमत येते. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा क्रीडा संकुल समिती, त्यांना स्वतंत्र पत्र द्यायचं, भाडं आणि अनामत भरायची. एकीकडची पोच दुसरीकडे दाखवून भागत नाही.

नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव हे कागद बहुतेकांकडे असतात. गाडी अडते ती सहीवर. जुने अध्यक्ष गेले, नवे आले, लेटरहेडवर नाव बदललं, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखलच केला नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. तो न दिल्याने कागदोपत्री अध्यक्ष जुनेच राहतात आणि नव्या अध्यक्षांची सही म्हणजे त्रयस्थ माणसाची सही ठरते. स्पर्धा तीन आठवड्यांवर आल्यावर हे कळलं तर त्या हंगामापुरता विषय संपला. म्हणून आधी स्वतःच्या संस्थेची फाइल उघडा, मग तलावाची चौकशी करा.

लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याचं वेगळं पत्र लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. लांब पल्ल्याच्या हीट, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणाऱ्या तुकड्या, पहाटेच उरकायच्या म्हणून कार्यक्रमपत्रिकेत 'पहाटे ५.३० प्रारंभ' असं छापणारे असतात. तो कागद पोलीस ठाण्यात दाखवला की पुढचं बोलणंच खुंटतं. शिवाय डिसेंबरात आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडतं. अंधारात तळ दिसत नसताना जीवरक्षक काय बघणार?

ज्या कागदावर सगळं अडतं

तलाव मिळतो तो ठरावीक तासांसाठी. मासिक पासवाल्यांच्या बॅच बंद ठेवाव्या लागतात आणि त्यांची तक्रार थेट व्यवस्थापकाकडे जाते. म्हणून त्याला हवं असतं एकच: तुम्ही किती वाजता बाहेर पडणार? त्याचं उत्तर अर्जासोबत एका पानावर जोडा.

समजा तलाव २५ मीटरचा, सहा लेनचा आहे आणि पंधराशेला २२ नावं आली. एका लेनमध्ये एक जलतरणपटू धरला तर चार हीट होतात. मास्टर्समध्ये प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी असा प्रकार नसतो. प्रत्येक हीट थेट अंतिम, आणि क्रम लागतो तो वेळेवर. चार हीटमधले सर्वांत संथ जलतरणपटू अनुक्रमे ५०, ४२, ३६ आणि २८ मिनिटांचे धरले तर १५६ मिनिटं होतात. मधली पाच-पाच मिनिटं धरून जवळजवळ तीन तास. हा आकडा बघून कुणीही रेघ मारेल, मीही मारेन.

आता नियम वाचा. मास्टर्सच्या जागतिक नियमांत ४००, ८०० आणि १५०० मीटर फ्रीस्टाइलला एका लेनमध्ये दोघांना पोहू देण्याची मुभा आहे. अट एवढीच की प्रत्येकाची वेळ स्वतंत्र घेतली गेली पाहिजे. लेन रिकाम्या राहू नयेत म्हणून वयोगट आणि स्त्री-पुरुष एकत्र पोहवता येतात, निकाल मात्र वेगळे लावायचे. मग तेच २२ जण दोन हीटमध्ये बसतात, एकीत १२ आणि दुसरीत १०. पन्नास आणि छत्तीस, मधली पाच, म्हणजे ९१ मिनिटं. तीन तासांचं काम दीड तासावर आलं. या हिशेबाचं पान जोडलेला अर्ज 'वेळेअभावी' वापस आलेला मी तरी पाहिलेला नाही.

दोघांना एका लेनमध्ये सोडायचं तर माणसं दुप्पट लागतात, हे मात्र लपवू नका. २५ मीटरच्या तलावात पंधराशे म्हणजे ६० लेंथ. प्रत्येक जलतरणपटूमागे एक मोजणारा हवा, हातात ६० चौकोनांचा तक्ता आणि प्रत्येक लेंथला एक खूण. "माझ्या लक्षात राहतं" म्हणणाऱ्याला तक्त्यावर बसवू नका. चाळिसाव्या लेंथला शेजारच्याने चहा विचारला की सगळं विसरतं. वळणाच्या टोकाला उरलेल्या लेंथचा विषम आकडा पाटीवर दाखवायचा, आणि शेवटच्या दोन लेंथ अधिक पाच मीटर उरले की सुरुवातीच्या टोकाला शिट्टी किंवा घंटा द्यायची, असा नियम आहे. एका लेनमध्ये दोघं असले की ही घंटाच घोळ करते. एका हीटमध्ये शेजाऱ्याची घंटा आपलीच समजून एक काका चार लेंथ आधी थांबले आणि हसतमुखाने हात वर करून उभे राहिले. काठावरून आम्ही ओरडतोय, त्यांना वाटतंय आम्ही अभिनंदन करतोय. तेव्हापासून एका लेनमधल्या दोघांना वेगळ्या रंगाच्या टोप्या आणि पाट्याही त्याच रंगाच्या, असं मी प्रत्येक क्लबला लिहून देतो. लेन वाटून घ्यायला चालेल का, हेही प्रवेशअर्जातच विचारा. बऱ्याच महिलांना परक्या पुरुषाबरोबर एका लेनमध्ये पोहणं नको असतं, आणि ते ऐन वेळी काठावर बोलणं त्यांना अवघड जातं.

उन्हाळ्यात अर्ज केला तर हटकून प्रश्न येतो: टंचाईत पाणी कुठून आणणार? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या गावात हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. पण उत्तर सोपं आहे. तलाव भरलेलाच आहे, स्पर्धेमुळे पाणी खर्च होत नाही. बाष्पीभवन आणि फिल्टर धुण्याचं पाणी रोज जाणारच, स्पर्धा असो वा नसो. हे दोन ओळींत लिहा. तलावच कोरडा असेल तर मात्र तारीख पुढे ढकला, वाद घालू नका.

हिवाळ्यातली गोष्ट वेगळी. पहिली हीट संथ लोकांची, म्हणजे बहुधा वयस्करांची, आणि उघड्यावरच्या तलावाचं पाणी त्याच वेळी सर्वांत गार. पन्नास मिनिटं त्या पाण्यात काढून बाहेर आलेल्या माणसाच्या हाताला नीट पकडही राहत नाही. सुरक्षा योजनेत रुग्णवाहिका सगळेच लिहितात. सोबत चादरी, गरम चहा आणि धरून बाहेर काढायला दोन माणसं हेही लिहा.

स्पर्धकाची बाजू: वय, नाव, वेळ

वयाची अट २५ पूर्ण, त्यापुढे पाच-पाच वर्षांचे गट. परिपत्रकात वेगळं काही नसेल तर वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं धरतात. डिसेंबर १९७६ चा जन्म असेल तर जानेवारी २०२६ च्या स्पर्धेतही तुम्ही ५०-५४ गटातच येता, वाढदिवसाला अकरा महिने असले तरी. "आमचं एकोणपन्नासच चालू आहे" हे खरं आहे, पण त्या वादात पडू नका. सालातून साल वजा करा आणि येईल तो गट भरा.

या नियमाचा आपल्याकडे एक फायदाही होतो. मराठवाड्यात निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. इथे दिवस आणि महिना बघतच नाहीत, म्हणून १ जूनवाल्यांनी काळजी करू नये. साल मात्र सगळ्या कागदांवर एकच हवं. आधारवर ते एक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं असेल तर दाखला जोडा. काही जुन्या आधार कार्डांवर नुसतं साल असतं, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रतीसाठी शाळेत आजच अर्ज करा, कारण मे महिन्यात शाळेत तुम्हाला शिपाईच भेटेल. फार जुने दाखले निजामाच्या काळातले, उर्दूत असतात. ते तसेच जोडून उपयोग नाही, भाषांतर साक्षांकित करून सोबत द्या.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांचे अर्ज सर्वाधिक अडतात. दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रत, यातलं एक जोडलं की प्रश्न मिटतो. एकसष्ट वर्षांच्या एका काकूंचा अर्ज यासाठी दोनदा वापस आला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बाबा, पोहणं सोपं हाय, नाव जुळवणं अवघड." अर्ज वापस पाठवणाऱ्याने पहिल्याच वेळी कोणता कागद हवा ते लिहिलं असतं तर काकूंच्या दोन खेपा वाचल्या असत्या. 'त्रुटी आहे' एवढंच लिहून अर्ज परत करण्यात कसलं समाधान मिळतं, देव जाणे.

वैद्यकीय प्रमाणपत्रावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं चालेल का, हे आयोजकांना आधीच लेखी विचारा. तालुक्याच्या ठिकाणी तेच जवळ असतात आणि नकार नेमका शेवटच्या दिवशी कळतो. छापील नमुन्यावर 'नोकरीस पात्र' असतं, तसलं प्रमाणपत्र आणू नका. 'सलग १५०० मीटर पोहण्यास सक्षम' असे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते लिहिताना डॉक्टर जरा थांबतील, बीपी बघतील, ईसीजी काढायला सांगतील. त्यांनी थांबावं हेच आपल्याला हवं आहे.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: एंट्री टाइम, म्हणजे पंधराशे पोहायला आपल्याला लागणारा अंदाजे वेळ. हीट लागते ती यावरूनच, आणि लोक या रकान्यात मनात येईल ते भरतात. अमेरिकेच्या बॉबी फिंकने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंधराशेचा विश्वविक्रम केला तो १४ मिनिटं ३०.६७ सेकंदांत. आमच्याकडे एका सद्गृहस्थांनी '१५ मिनिटे' भरलं होतं. ते आले ५२ मिनिटांनी, आणि वेगवान हीटमधले बाकीचे टॉवेल गुंडाळून काठावर बसून राहिले. वर हिशेबाचं जे पान सांगितलं, ते अशा एका आकड्याने कोसळतं. रकाना कोरा सोडणारेही तितकेच. कोऱ्याला सर्वांत संथ धरतात आणि नंतर तेच भांडतात.

वेळ काढायची सोपी रीत: आपल्या तलावात कुणाला तरी घड्याळ देऊन ४०० मीटर सलग पोहा. त्याची चौपट करा, त्यात दोन-तीन मिनिटं थकव्याची घाला आणि शंभर मीटरचा वेळ वजा करा. गुणाकार नको असेल तर एका रविवारी सरळ पूर्ण पंधराशे पोहून बघा. विहिरीत भोपळा बांधून शिकलेल्यांना कोलांटी वळण येत नाही म्हणून ते लाजतात. त्याची गरज नाही. फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक लेंथला शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की पुरे. दम लागला तर तळाला उभं राहिलं तरी बाद करत नाहीत. चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही. सुरुवातही ब्लॉकवरून उडी मारूनच करावी असं नाही, पाण्यातून भिंतीला पाय लावून चालते.

मुदतीबद्दल

'अर्ज २० तारखेपर्यंत' याचा अर्थ २० तारखेला टपालात टाकलेला असा नाही. धरतात तो आवक शिक्का, तोही कार्यालयीन वेळेतला. २० ला रविवार असेल तर १९ सुद्धा कामाची नसते, कारण शासकीय कार्यालयं शनिवारी बंद. हातात देऊन पोच घ्या, पोचेवर क्रमांक आणि तारीख आहे का तिथेच बघा. व्हॉट्सॅपवर 'मिळाला' असं उत्तर आलं म्हणून निश्चिंत झालेली माणसं मी नंतर रागावलेली पाहिली आहेत.

स्पर्धा झाल्यावर निकालपत्राची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. पुढच्या वर्षी एंट्री टाइमच्या रकान्याला तोच पुरावा लागणार आहे. त्यावर तलावाची लांबी लिहिलेली नसेल तर ती तिथेच लिहून घ्या, कारण २५ मीटरच्या तलावात वळणं दुप्पट, भिंतीला रेटा दुप्पट आणि वेळ कमी. ५० मीटरच्या तलावावरचा पंच ते विचारल्याशिवाय राहत नाही.